सिटका स्प्रूस : किनाऱ्यावरचा महावृक्ष आणि त्याचे लाकूड

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, अलास्कातील कोडिअ‍ॅक बेटाच्या परिसरापासून उत्तर कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो परगण्यापर्यंत, सुमारे 2,900 किलोमीटर लांबीची एक वनपट्टी पसरलेली असून तिची रुंदी बहुतेक ठिकाणी 80 किलोमीटरपेक्षाही कमी आहे. सिटका स्प्रूस हा वृक्ष निसर्गतः याच पट्टीत वाढतो. नद्यांच्या खोऱ्यांतून तो काही ठिकाणी आत शिरतो. परंतु समुद्रावरून येणारी ओल जेथे संपते तेथे त्याचे राज्यही संपते. सूचिपर्णी वृक्षांमध्ये, म्हणजे सुईसारखी पाने असणाऱ्या आणि फळांऐवजी शंकू धरणाऱ्या वृक्षांमध्ये, स्प्रूसची प्रजाती सुमारे 35 जातींची आहे. त्या जाती उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत विखुरलेल्या असून पश्चिम हिमालयात, विशेषतः हिमाचल प्रदेशात, ‘राई’ या नावाने ओळखला जाणारा वृक्ष हा त्यांच्यापैकीच एक आहे. या सर्व जातींत सिटका स्प्रूस आकाराने सर्वांत मोठा असून त्याच्याइतका काटेकोरपणे किनाऱ्याला बांधलेला स्प्रूस क्वचितच आढळतो.

या बांधिलकीचे कारण हवामानात आहे. वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरील हो नदीच्या खोऱ्यात, जेथे या वृक्षाची अत्यंत भव्य वने उभी आहेत, वर्षाला सरासरी 3,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एकूण आकडा रत्नागिरीच्या पावसाहून फारसा वेगळा नाही. फरक आहे तो उरलेल्या महिन्यांत. कोकणात चार महिन्यांच्या पावसानंतर जमीन तापते व सुकते, तर येथे बहुतांश पाऊस थंडीच्या मोसमात पडून जातो आणि उन्हाळ्यात त्याची उणीव समुद्रावरून येणारे दाट धुके भरून काढते. हे धुके सुयांवर साचून थेंबाथेंबाने मुळाशी ठिबकते, शिवाय पानांतून होणारे बाष्पोत्सर्जनही रोखून धरते. हिवाळा सौम्य, उन्हाळा थंड आणि हवा सदैव दमट, अशा परिस्थितीत वृक्षाला वर्षातील बराच काळ वाढता येते. समुद्राच्या लाटांचा खारा फवारा अन्य अनेक वृक्षांना मारक ठरतो, पण सिटका स्प्रूस तो सहन करतो. या वृक्षाला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस यांची गरज अधिक असते आणि फवाऱ्यातून येणाऱ्या क्षारांचा त्याला उपयोगच होत असावा, असे मानले जाते. म्हणूनच अगदी लाटांच्या समोरच्या पहिल्या रांगेत, जेथे शेजारचा हेमलॉक वृक्ष टिकत नाही, तेथे हा ठामपणे उभा असतो.

हा वृक्ष ओळखण्यासाठी त्याच्या फांदीला हात लावणे पुरेसे आहे. पाने 15 ते 25 मिलिमीटर लांबीची, चपटी, कडक आणि टोकाशी इतकी तीक्ष्ण असतात की मूठ आवळवत नाही. पानाच्या खालच्या अंगास निळसर पांढरे दोन पट्टे असतात. हे पट्टे म्हणजे पर्णरंध्रांच्या, अर्थात पानाला श्वसनासाठी असलेल्या सूक्ष्म छिद्रांच्या, रांगा होत. प्रत्येक पान एका बारीक खुंटीवर बसलेले असते आणि पान गळून गेले तरी ती खुंटी डहाळीवर राहते, त्यामुळे उघडी डहाळी खरखरीत लागते. हे सर्वच स्प्रूसांचे लक्षण आहे. साल एवढ्या मोठ्या वृक्षाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतकी पातळ व करडी असून तिचे गोलसर खवले सुटून पडतात. जाड सालीचे संरक्षण नसल्याने वणव्यात हा वृक्ष सहज मरतो, पण त्याच्या ओल्या प्रदेशात वणवे मुळातच दुर्मीळ असल्यामुळे ही उणीव फारशी जाणवत नाही. शंकू 6 ते 10 सेंटिमीटर लांबीचे, फांदीवरून खाली लोंबणारे, कागदासारख्या पातळ व नागमोडी कडांच्या खवल्यांचे असतात. त्यांतून बाहेर पडणारे बीज जेमतेम 3 मिलिमीटरचे असून त्याला वाऱ्यावर तरंगण्यासाठी एक पंख असतो.

अशा बीजापासून वाढलेला वृक्ष 700 ते 800 वर्षे जगू शकतो आणि 90 मीटरच्याही वर जाऊ शकतो. कॅनडातील व्हँकुव्हर बेटावरचा ‘कारमॅना जायंट’ या नावाने प्रसिद्ध असलेला सिटका स्प्रूस सुमारे 96 मीटर उंच असून तो त्या देशातील सर्वांत उंच ज्ञात वृक्ष मानला जातो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या खोऱ्यात वृक्षतोड होऊ घातली असता मोठे आंदोलन उभे राहिले आणि 1990 मध्ये तेथे संरक्षित उद्यान स्थापन झाले. उंचीपेक्षाही नजरेत भरतो तो बुंध्याचा घेर. जुन्या वृक्षांचे बुंधे तळाशी फुगीर असून त्यांचा व्यास पाच मीटरपर्यंत गेल्याची उदाहरणे आहेत.

जुन्या वनात या वृक्षाचे रोप जमिनीवर सहसा रुजत नाही. तेथील जमीन शेवाळे, नेचे आणि झुडपे यांनी इतकी झाकलेली असते की त्या गर्दीत इवल्या रोपाला उजेड मिळत नाही. रुजण्याची जागा मिळते ती कोसळलेल्या जुन्या वृक्षांच्या खोडांवर. कुजत चाललेले खोड ओल धरून ठेवते आणि जमिनीपासूनच्या उंचीमुळे त्यावर उजेड अधिक पडतो. अशा एकाच खोडावर रुजलेली रोपे खोडाच्या दोन्ही अंगांनी मुळे खाली सोडून जमिनीला भिडतात. काही शतकांत मूळचे खोड कुजून नाहीसे होते आणि मागे सरळ रेषेत उभे राहिलेले, मुळांच्या पायांवर अधांतरी तोललेले महावृक्ष तेवढे उरतात. वनात माणसाच्या हाताने लावल्यासारखी रांग दिसली, तर ती बहुधा अशा एखाद्या पडलेल्या खोडाची खूण असते. पडलेली लाकडे ‘साफ’ करण्याची सवय असलेल्या वनव्यवस्थापनाला हा हिशेब फार उशिरा कळला.

याउलट जेथे जमीन पूर्णपणे उघडी असते तेथे सिटका स्प्रूस सरळ मातीत रुजतो. अलास्कातील ग्लेशियर बे येथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हिमनद्या झपाट्याने मागे सरकत गेल्या. विल्यम स्किनर कूपर या परिस्थितिवैज्ञानिकाने 1916 मध्ये तेथे कायमचे निरीक्षणचौकोन आखले आणि निर्जीव खडकगोट्यांवर वन कसे उभे राहते याची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. प्रथम शेवाळे व जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती येतात. मग अल्डरची झुडपे येतात, जी मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने हवेतील नायट्रोजन जमिनीत बांधतात. आणि शतकभराच्या आसपास या सुधारलेल्या मातीत सिटका स्प्रूस अल्डरच्या डोक्यावरून वर निघून त्याला सावलीत टाकतो. ‘वनस्पतींचे अनुक्रमण’, म्हणजे एका वनस्पतिसमूहाची जागा क्रमाने दुसऱ्याने घेणे, या संकल्पनेचे हे क्षेत्र पाठ्यपुस्तकांतील उदाहरण बनले.

या किनाऱ्यावरील मूलनिवासी समाज, विशेषतः ट्लिंगिट, हैडा आणि सिम्शियन, या वृक्षाचा उपयोग हजारो वर्षे करीत आले आहेत. परंतु त्यांनी अधिक कौशल्य खर्च केले ते खोडावर नव्हे, तर मुळांवर. वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या आरंभी भुसभुशीत, वाळूमिश्रित जमिनीतून बोटाएवढी जाड व लांबलचक सरळ मुळे उकरून काढली जातात, विस्तवावर शेकली जातात आणि फटीच्या लाकडी चिमट्यातून ओढून त्यांची साल सोलली जाते. त्यानंतर मूळ उभे चिरून त्याचे बारीक पट्टे काढतात आणि ते भिजवून विणतात. हे विणकाम परंपरेने स्त्रियांचे असून त्याची वीण इतकी घट्ट असते की टोपलीत पाणी राहते. तीत तापवलेले दगड टाकून अन्न शिजवण्याची पद्धत या भागात होती. याच मुळांच्या रुंद काठाच्या टोप्या पाऊस अडवीत आणि त्यांवर रंगवलेल्या कुलचिन्हांवरून धारकाचे घराणेही ओळखू येई. वृक्षाचा डिंकासारखा राळयुक्त चीक होड्यांच्या फटी बुजवण्यासाठी व जखमांवर लावण्यासाठी वापरला जाई, तर वसंतात फुटणारे कोवळे कोंब खाल्ले जात. या कोंबांत ‘क’ जीवनसत्त्व असते. या जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने ग्रासलेल्या युरोपीय खलाशांना स्प्रूसच्या कोंबांचा काढा किंवा त्यापासून आंबवलेले पेय उपयोगी पडे, आणि अलास्कात आजही कोंब घालून मद्य तयार केले जाते.

हैडा लोकांच्या परंपरेत एका सिटका स्प्रूसला तर व्यक्तीचे स्थान होते. हैडा ग्वाई बेटांवरील याकून नदीच्या काठी ‘कीद्क्यास’ नावाचा सोनेरी पानांचा वृक्ष उभा होता. दंतकथेनुसार तो म्हणजे वृक्षात रूपांतर झालेला एक मुलगा होता. शास्त्रीय दृष्टीने पाहता हा एक उत्परिवर्तनाचा प्रकार असून उन्हात त्याच्या पानांतील हरितद्रव्य नष्ट होई आणि पिवळी रंगद्रव्ये तेवढी दिसत. अशा दोषासह कोणताही वृक्ष फार काळ जगू नये, तरीही हा 300 वर्षांच्या आसपास जगला. जानेवारी 1997 मध्ये वृक्षतोडीच्या उद्योगाचा निषेध म्हणून एका माजी वनकर्मचाऱ्याने त्याला खोल चिरे दिले आणि तो कोसळला. निषेधासाठी निवडलेले लक्ष्य त्या उद्योगाचे नसून हैडांचे श्रद्धास्थान होते, यातील विसंगती कोणत्याही भाष्याविना स्पष्ट आहे.

युरोपीय वनस्पतिशास्त्राला या वृक्षाचा परिचय अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला. आर्चिबाल्ड मेंझीस या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1792 मध्ये तो पाहिला, डेव्हिड डग्लसने 1831 मध्ये त्याचे बियाणे ब्रिटनमध्ये पोहोचवले आणि तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या अलास्कातील सिटका येथून आलेल्या नमुन्यांवरून ऑगस्ट बोंगार्ड यांनी 1832 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पायसिया सिटचेन्सिस हे नाव पुढे त्यावरूनच रूढ झाले.

आता लाकडाकडे वळता येईल. कारण या वृक्षाला जगाच्या इतिहासात ओढून आणले ते त्याच्या लाकडाने. सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड मुख्यतः वाहिनिका नावाच्या लांबट, पोकळ पेशींचे बनलेले असते. खोडाच्या लांबीच्या दिशेने त्या एकमेकींना चिकटून, काड्यांच्या घट्ट बांधलेल्या मोळीसारख्या, बसलेल्या असतात. पोकळीमुळे वजन कमी होते आणि लांब भिंतींमुळे ताकद टिकते. सिटका स्प्रूसमध्ये हा समतोल विलक्षण साधलेला आहे. त्याच्या वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण 400 ते 430 किलो असते, तर सागाचे 650 किलोच्या आसपास. पण वाकण्याला होणारा विरोध, म्हणजे ताठपणा, दोघांचा जवळपास सारखाच भरतो. याचाच अर्थ तेवढ्याच वजनात सिटका स्प्रूस बराच अधिक ताठपणा देतो. त्यात भर पडते ती वनातील वृद्ध खोडांच्या रचनेची. दाट वनात तरुण वृक्षाच्या खालच्या फांद्या उजेडाअभावी मरून गळतात आणि त्यानंतर शतकानुशतके खोडावर चढत जाणारे लाकूड पूर्णपणे बिनगाठीचे असते. गर्दीत वाढीचा वेग मंद असल्याने वर्षवलयेही बारीक व एकसारखी पडतात. एवढ्या लांबीची, सरळ रेषेची, बिनगाठी फळी देणारे वृक्ष जगात फार थोडे आहेत. वल्ही, डोलकाठ्या आणि शिडांचे आडवे बांबू यांसाठी हे लाकूड सुरुवातीपासूनच नावाजलेले होते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या गुणांना अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. तेव्हाची विमाने लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बनवली जात आणि पंखांच्या मुख्य तुळयांसाठी सिटका स्प्रूस सर्वोत्तम ठरला. 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा मित्रराष्ट्रांच्या विमान कारखान्यांना या लाकडाचा तुटवडा भासत होता आणि त्याच उन्हाळ्यात वायव्येकडील वनांतले मजूर आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी संपावर गेले होते. सैन्याने यावर ‘स्प्रूस प्रॉडक्शन डिव्हिजन’ नावाचा स्वतंत्र विभाग उभारला, कर्नल ब्राइस डिस्के यांच्याकडे त्याची सूत्रे दिली आणि हजारो सैनिकांना कुऱ्हाडी व करवती देऊन वनांत पाठवले. वॉशिंग्टन राज्यातील व्हँकुव्हर येथे एक प्रचंड करवतगिरणीही उभी राहिली. विमानाच्या तुळईतील तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग असावे लागतात. करवत तंतूंची पर्वा न करता सरळ कापते, म्हणून वनातच ओंडक्यांत पाचरा ठोकून ते तंतूंच्या रेषेने फोडण्याची पद्धतही वापरली गेली. युद्ध संपेपर्यंत सुमारे 14 कोटी बोर्ड फूट स्प्रूस बाहेर पडला. बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद व एक इंच जाडीची फळी. एका घनफुटात असे 12 बोर्ड फूट बसतात. आठ तासांचा दिवस मार्च 1918 पासून लागू झाला खरा, पण मजुरांच्या स्वतंत्र संघटनेला बाजूला सारून सरकारपुरस्कृत संघटनेमार्फत तो दिला गेला. त्यामुळे या विभागाचे काम विमानांइतकेच संप मोडण्यासाठीही होते, हा निष्कर्ष टाळता येत नाही. ऑलिंपिक द्वीपकल्पावर या लाकडासाठी घाईघाईने बांधलेला लोहमार्ग युद्धबंदी झाल्यानंतर पूर्ण झाला आणि त्यावरून युद्धासाठी एकही ओंडका गेला नाही. त्याच्या एका भागावर आज पायवाट आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत विमाने धातूची झाली होती, तरी ब्रिटनच्या ‘मॉस्किटो’ या जलद बॉम्बफेकी विमानाच्या पंखांतील तुळया सिटका स्प्रूसच्याच होत्या आणि त्यासाठी हैडा ग्वाई बेटांवरून मोठ्या प्रमाणात लाकूड तोडले गेले. हॉवर्ड ह्यूझ यांच्या अजस्र लाकडी विमानाला लोकांनी ‘स्प्रूस गूस’ हे नाव चिकटवले असले, तरी ते बहुतांशी भूर्जाच्या लाकडाचे होते. 2 नोव्हेंबर 1947 रोजी ते एकदाच, तेही थोडे अंतर, उडाले.

हलकेपणा आणि ताठपणा यांचा हाच संयोग ध्वनीसाठीही अनुकूल ठरतो. गिटार व पियानो यांच्या ध्वनिफलकाला, म्हणजे तारांची कंपने स्वीकारून ती हवेत पसरवणाऱ्या पातळ फळीला, तारांचा ताण सोसण्याइतके ताठ आणि सूक्ष्म कंपनाने हलण्याइतके हलके असावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास पूर्व अमेरिकेतील तांबड्या स्प्रूसचे मोठे वृक्ष दुर्मीळ झाल्यावर मार्टिनसारख्या गिटार उत्पादकांनी सिटका स्प्रूस स्वीकारला आणि आज पोलादी तारांच्या गिटारीसाठी तो सर्वाधिक प्रचलित आहे. फलकासाठी ओंडका केंद्रातून त्रिज्येच्या दिशेने चिरतात, त्यामुळे वर्षवलये फळीवर समांतर उभ्या रेषांसारखी दिसतात. गिटारीच्या पूर्ण रुंदीला पुरेल एवढ्या फळ्यांसाठी सहसा शतकांचे वय झालेले खोड लागते, आणि अशी खोडे दरवर्षी कमीच होत आहेत.

यानंतर या वृक्षाच्या इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि तो पहिल्याशी जवळजवळ विसंगत आहे. पहिल्या महायुद्धात लाकडाच्या टंचाईने हादरलेल्या ब्रिटनने 1919 मध्ये वनआयोग स्थापन केला, तेव्हा त्या देशाच्या जेमतेम 5 टक्के भूमीवर वने उरली होती. लावण्यासाठी उपलब्ध जमीन म्हणजे उघड्या, वादळी, आम्ल आणि पाणथळ टेकड्या. अशा जमिनीवर तग धरून वेगाने वाढणारी जात म्हणून सिटका स्प्रूसची निवड झाली, आणि बियाणे विशेषतः हैडा ग्वाई बेटांवरून मागवण्यात आले. आज ब्रिटनमधील सूचिपर्णी वनांचे सुमारे निम्मे क्षेत्र या एकाच परक्या जातीखाली असून आयर्लंडमध्येही तीच प्रमुख जात आहे. साधारण 35 ते 45 वर्षांत ही वने तोडीस येतात. मूळ वनात ज्या वयात हा वृक्ष अजून पोरवयाचा समजला जातो त्याच वयात त्याचे आयुष्य येथे संपते, आणि म्हणूनच लाकूडही निराळे मिळते : रुंद वलयांचे, गाठींचे, ज्यात गाभ्याजवळच्या कोवळ्या व कमकुवत लाकडाचा वाटा मोठा असतो. विमानाचे आणि गिटारीचे जे लाकूड ‘सिटका स्प्रूस’ म्हणून प्रसिद्ध झाले, त्याचे गुण जातीइतकेच वयाचे आणि दाट वनाचे होते. बियाणे नेता आले, ती शतके नेता आली नाहीत.

या लागवडीने काही ठिकाणी उघड नुकसान केले. उत्तर स्कॉटलंडच्या केथनेस व सदरलँड परगण्यांतील ‘फ्लो कंट्री’ हा पीटभूमीचा, म्हणजे हजारो वर्षे न कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या दलदलीचा, विस्तीर्ण प्रदेश आहे. 1980 च्या दशकात करसवलतींमुळे धनिकांनी तेथे पैसा गुंतवला, चर खणून दलदल कोरडी केली गेली आणि सिटका स्प्रूस व अन्य सूचिपर्णी वृक्षांच्या रांगा उभ्या राहिल्या. चर खणल्याने पीट सुकून त्यात साठलेला कार्बन बाहेर पडू लागला आणि मोकळ्या माळावर घरटी करणारे पक्षी हटले. 1988 च्या अर्थसंकल्पात ती सवलत रद्द झाली. त्यानंतर तेथील अनेक लागवडी तोडून चर बुजवण्याचे काम हाती घेतले गेले आणि 2024 मध्ये फ्लो कंट्रीला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरही हा वृक्ष लागवडीतून निसटून आसपासच्या माळांवर पसरला असून तेथे तो धोकादायक परकी जात मानला जातो. नव्या लागवडीसाठी परवाना लागतो.

आइसलँडमध्ये मात्र त्याच्याविषयी कौतुकच अधिक आहे. कित्येक शतकांपूर्वीच जवळजवळ वृक्षहीन झालेल्या त्या देशातील सर्वांत उंच झाड म्हणजे 1949 मध्ये लावलेला एक सिटका स्प्रूस असून 2022 मध्ये त्याने 30 मीटरची उंची ओलांडली. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील कॅम्पबेल बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी लावलेले एकच झाड जगातील सर्वांत एकाकी झाड म्हणून ओळखले जाते, कारण त्याच्या सर्वांत जवळचे दुसरे झाड 200 किलोमीटरहूनही दूर आहे. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा 1965 मधील उच्चांक या झाडाच्या वलयांत स्पष्ट नोंदला गेला असल्याने, मानवी हस्तक्षेपाच्या भूवैज्ञानिक युगाचा आरंभबिंदू म्हणून ते वलय धरावे असा प्रस्ताव 2018 मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडला होता.

ब्रिटनमधील संशोधकांनी 1960 च्या दशकापासून निवडक वृक्षांच्या संकरातून अधिक सरळ खोडाची, बारीक फांद्यांची आणि पुरेशा घनतेची रोपे तयार करण्याचा कार्यक्रम चालवला असून आज लावली जाणारी रोपे बहुतांशी अशा सुधारित वाणांची असतात. त्यांपैकी अनेक बियांपासून नव्हे, तर छाट कलमांपासून वाढवलेली असतात. त्यांचे ओंडके गिरण्यांत जाऊन घरांचे वासे, कुंपणाचे खांब, मालवाहतुकीच्या चौकटी, लाकडी चुऱ्याचे तक्ते आणि कागदाचा लगदा बनतात. बांधकामासाठी चिरलेल्या या लाकडाला युरोपीय प्रमाणानुसार सामान्यतः ‘सी 16’ ही प्रतवारी मिळते. ही प्रत घराच्या छताला व जमिनीच्या तुळयांना पुरेशी असून विमानाच्या पंखाशी तिचा काहीही संबंध नाही.